हवामान बदल शिकवायचा तर वर्गातल्या उकाड्यापासून सुरुवात करा



मार्च महिना उजाडला की दवाखान्यात शाळकरी मुलांच्या काही तक्रारी हमखास वाढतात. शाळेतून आल्यावर डोके दुखते, मळमळते, पायात गोळे येतात, लघवी पिवळी होते आणि जळजळते. आई सांगते, "डॉक्टर, पाण्याची बाटली रोज भरून देते, पण संध्याकाळी तशीच परत येते." मुलींच्या बाबतीत थोडे खोदून विचारले की बऱ्याचदा एकच कारण पुढे येते. शाळेतले स्वच्छतागृह पाय ठेवण्यासारखे नसते. तिथे जावे लागू नये म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत.

यातल्याच एखाद्या मुलीने शाळेत 'वाढते तापमान : एक जागतिक समस्या' असा निबंध लिहिलेला असतो. त्यात वितळणारे हिमनग असतात, ध्रुवीय अस्वल असते, ओझोनच्या थराला पडलेले भोकही असते. तिचा स्वतःचा वर्ग, वर्गावरचा तापलेला पत्रा आणि न प्यालेली पाण्याची बाटली मात्र त्या निबंधात नसते.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. हवामान बदलाचे शिक्षण मुलांच्या शरीरापासून आणि शाळेच्या आवारापासून सुरू झाले पाहिजे. आणि त्या शिक्षणातून मुलांनी प्रश्न विचारले, तर मोठ्यांनी त्यांचे उत्तर दिले पाहिजे. नुसती शाबासकी देऊन विषय संपवू नये.

(जाता जाता एक खुलासा. ओझोनचा थर विरळ होणे आणि तापमानवाढ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तापमानवाढीचे मुख्य कारण म्हणजे कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि गॅस जाळल्यामुळे हवेत साठणारा कार्बन डायऑक्साइड. तो सूर्यप्रकाश आत येऊ देतो, पण जमिनीवरून परत जाणारी उष्णता गोधडीसारखी धरून ठेवतो. गोधडी जाड होत चालली आहे, म्हणून आत उकडते आहे.)

कागदावर सगळे आहे

आपल्याकडे पर्यावरण शिक्षण नाही असे नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. त्यांची नीट अंमलबजावणी व्हावी म्हणून २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले. शाळाशाळांत राष्ट्रीय हरित सेनेची पथके आहेत. महाराष्ट्रात नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा विषय आहे, तर अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षणाचा प्रकल्प करावा लागतो.

तरीही मुलांच्या हाती काय लागते, हे पाहायचे असेल तर घरातल्या दहावीच्या मुलाला विचारून बघा. जलसुरक्षेच्या वहीत त्याने काय लिहिले ते त्याला आठवते का? आणि शाळेतल्या पाण्याच्या टाकीची सफाई शेवटची कधी झाली, हे त्याला ठाऊक आहे का? हा श्रेणीचा विषय आहे. वही पूर्ण झाली की काम झाले, अशीच पालकांचीही समजूत असते.

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला असतो. त्या दिवशी आपल्या बहुतेक शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. मग शाळा उघडल्यावर रोप लावताना फोटो, चित्रकला स्पर्धा आणि घोषणा होतात. यात वाईट काही नाही. पण वर्षभरातला पर्यावरणाचा धडा एवढाच असेल, तर तो देशभक्तीपर गीतांच्या स्पर्धेसारखा होतो. म्हणजे भावना चांगली, पण रोजच्या जगण्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरीकडे काय चालले आहे ते पाहू. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २०२० मध्ये हवामान बदलाचा समावेश शालेय अभ्यासक्रमाच्या वेगवेगळ्या विषयांत केला. त्यात विज्ञान आणि भूगोलाबरोबर आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषयही आहे. डॉक्टर म्हणून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे पी.टी.चा तास एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता मैदानावर घेतला जातो, आणि उष्माघात म्हणजे काय हे मात्र त्या तासात सांगितले जात नाही.

मुलांच्या अंगात काय होते?

वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असते. त्यामुळे भोवतालची हवा शरीरापेक्षा गरम झाली की बाहेरची उष्णता त्यांच्या अंगात लवकर शिरते. त्यांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो. खेळाच्या नादात तहान लागल्याचे त्यांच्या लक्षात येत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सावलीत जावे, पाणी प्यावे किंवा पंख्याखाली बसावे, हे ठरवणे त्यांच्या हातात नसते. त्यासाठी 'बाई, जाऊ का?' असे विचारावे लागते.

पाणी कमी प्यायल्याचे परिणाम फक्त तात्पुरते नसतात. लघवी रोखून धरण्याच्या सवयीमुळे मुलींमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, आणि बद्धकोष्ठता वाढते. लघवी सतत घट्ट राहिली की मूतखड्याचा धोकाही वाढतो. शिवाय उकाड्यात मुलाचे वर्गात लक्ष लागत नाही. ज्याला आपण 'अभ्यासात मन नाही' म्हणतो, त्यातला काही भाग निव्वळ पत्र्याचा असू शकतो.

हवामान बदलाचा आणि आरोग्याचा संबंध उन्हापुरता नाही. तापमान वाढले की डेंग्यू पसरवणारा एडिस डास लवकर वाढतो आणि त्याच्या शरीरात विषाणूही लवकर तयार होतो. अतिवृष्टीनंतर लेप्टोस्पायरोसिस आणि जुलाबाचे रुग्ण वाढतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची साथ आली, हे अनेकांना आठवत असेल. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुराने मुलांची घरे, शाळा आणि दप्तरे सगळेच पाण्यात नेले.

युनिसेफने २०२१ मध्ये मुलांना असलेल्या हवामानाच्या धोक्याचा निर्देशांक काढला. १६३ देशांच्या त्या यादीत भारत २६वा, म्हणजे अतिजोखमीच्या गटात आहे. याच संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ या एका वर्षात हवामानाच्या संकटांमुळे जगभरातल्या २४ कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळेत खंड पडला. त्याचे सर्वांत मोठे कारण उष्णतेच्या लाटा हेच होते. आपल्या राज्यातही २०२५ च्या उन्हाळ्यात शाळा सकाळच्या सत्रात भरवाव्या लागल्या. म्हणजे हवामान बदल वेळापत्रकात येऊन बसला आहे. अभ्यासक्रमात त्याला नीट जागा मिळायची बाकी आहे.

मुलांना अपराधी वाटायला लावू नका

शाळांतली बरीचशी पर्यावरणाची शिकवण 'तुम्ही हे करू नका' अशी असते. दिवे बंद करा, पंखा बंद करा, पाणी जपून वापरा. सवयी म्हणून या चांगल्याच आहेत. पण मराठवाड्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाला 'पृथ्वी तापते आहे, म्हणून पंखा बंद कर' असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. भारतातले दरडोई कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि त्या मुलाच्या घरचे तर त्याहून कितीतरी कमी. त्याने पृथ्वी तापवलेली नाही, तो फक्त तापलेल्या जागी बसलेला आहे. त्याला पंखा हवा आहे.

ज्या घरात दोन गाड्या आणि चार एसी आहेत, तिथल्या मुलाला शिकवायची गोष्ट वेगळी आहे. तिथे वापर कमी करण्याबद्दल जरूर बोला. पण दोघांना एकच घोषणा पाठ करायला लावली तर एक मूल उगीच अपराधी होते आणि दुसरे काहीच शिकत नाही.

'मुलांना कशाला घाबरवायचे?'

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. २०२१ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात दहा देशांतल्या १६ ते २५ वयोगटातील १०,००० तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात भारतही होता. ५९ टक्के तरुण हवामान बदलाबद्दल खूप किंवा अत्यंत चिंतेत होते. या भावनांचा रोजच्या जगण्यावर, म्हणजे झोप, अभ्यास, काम यांवर वाईट परिणाम होतो, असे ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितले.

मात्र त्याच पाहणीतला दुसरा निष्कर्ष कमी सांगितला जातो. सरकार पुरेसे काही करत नाही, आपल्याला वाऱ्यावर सोडले आहे, असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात ही चिंता जास्त आढळली. याचा मी लावलेला अर्थ असा, की भीती फक्त माहितीमुळे वाढत नाही. माहिती दिली आणि मोठी माणसे गप्प बसली, की ती वाढते.

हे आपण आजारपणातही पाहतो. मुलाला दमा आहे हे लपवून ठेवले तर ते जास्त घाबरते. 'तुझ्या श्वासनळ्या आकुंचन पावतात, हा पंप असा घ्यायचा, दम लागला तर बाईंना सांगायचे, आम्ही येतो' असे सांगितले की तेच मूल धीट होते. हवामान बदलाचेही तसेच आहे. लहान मुलांना जगबुडीच्या गोष्टी आणि भयानक व्हिडिओ दाखवू नयेत. वयाप्रमाणे खरी माहिती, हाताला झेपेल असे काम आणि मोठे आपल्या पाठीशी आहेत याची खात्री, या तिन्ही गोष्टी एकत्र द्याव्यात.

मुलांनी आवाज उठवावा का?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये स्वीडनच्या संसदेबाहेर फलक घेऊन बसलेली १५ वर्षांची ग्रेटा थुनबर्ग सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आदल्या वर्षी उत्तराखंडच्या नऊ वर्षांच्या रिधिमा पांडेने राष्ट्रीय हरित लवादाकडे याचिका केली होती, हे कमी जणांना ठाऊक असते. ती याचिका २०१९ मध्ये फेटाळली गेली. पण सगळेच प्रयत्न वाया जात नाहीत. अमेरिकेतील मोंटाना राज्यात १६ मुला-तरुणांनी राज्य सरकारवर खटला भरला. २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. वणव्यांच्या धुराने दमा वाढतो हा मुद्दा त्यात होता आणि बालरोगतज्ज्ञाची साक्षही झाली होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२४ मध्ये, माळढोक पक्ष्याच्या संदर्भातल्या प्रकरणात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये असल्याचे म्हटले आहे.

तरीही 'मुलांनी आधी शिकावे, आंदोलने नंतर' असे म्हणणारे पालक आणि शिक्षक पुष्कळ आहेत. मुंबईत आरेतल्या झाडांसाठीच्या निदर्शनांत लहान मुले दिसली, तेव्हा २०२२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने त्यावर आक्षेप घेतला. मुलांचा वापर होऊ नये ही काळजी मला मान्य आहे. कोणत्याही पक्षाच्या किंवा संस्थेच्या गर्दीसाठी मुले उभी करू नयेत. भर उन्हात रॅलीही काढू नये, मग ती पर्यावरणाची का असेना. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमात उन्हात बसलेल्या लोकांना त्रास झाला आणि १४ जणांचा मृत्यू झाला. ती सगळी मोठी माणसे होती.

पण गर्दीत उभे करणे वेगळे आणि मुलांचे म्हणणे ऐकणे वेगळे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेवर भारताने १९९२ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली आहे. आपल्याशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा आणि ते ऐकले जाण्याचा हक्क ही संहिता मुलांना देते. सातवीतल्या मुलांनी वर्गातले तापमान महिनाभर मोजले, तक्ता केला आणि मुख्याध्यापकांना विनंती अर्ज दिला, तर ते आंदोलन म्हणायचे की विज्ञानाचा प्रकल्प? माझ्या मते ते दोन्ही आहे, आणि शाळेत दोन्हीला जागा असावी. याच वयात मुलांना कळते की मोजून, पुराव्यासह, सभ्य शब्दांत मागणी केली की ऐकले जाते. किंवा ऐकले जात नाही. यातले काय कळेल, हे आपल्यावर अवलंबून आहे.

शाळेत करता येतील अशा गोष्टी

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

• पाण्याची घंटा. केरळमधील शाळांनी २०१९ मध्ये 'वॉटर बेल' सुरू केली आणि नंतर इतर राज्यांनीही ती उचलली. दिवसातून तीन वेळा घंटा होते आणि सगळी मुले एकदम पाणी पितात. सोबत स्वच्छतागृह वापरण्याजोगे हवे, नाहीतर मुली घंटा होऊनही पिणार नाहीत. पिण्याचे पाणी आणि मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे ही शिक्षण हक्क कायद्यातली अट आहे, शाळेची मेहेरबानी नाही.

• तापमानाची वही. वर्गात एक साधा थर्मामीटर टांगा. मुलांनी रोज ठरावीक वेळी नोंद घ्यावी. वरच्या मजल्यावरचा वर्ग, पत्र्याचा वर्ग आणि झाडाशेजारचा वर्ग यांची तुलना करावी. झाडाचे महत्त्व घोषणेपेक्षा या आकड्यांतून लवकर समजते.

• छताला चुना. छताला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग लावला की वर्ग काही अंशांनी थंड राहतो. आधीचे आणि नंतरचे तापमान मोजणे हा मुलांसाठी उत्तम प्रयोग आहे.

• कोरडा दिवस. आठवड्यातून एकदा शाळेतली भांडी, कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर आणि टाक्या तपासाव्यात. अंड्यापासून एडिस डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला पाणी काढून टाकले की साखळी तुटते.

• उन्हाचा नियम. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला की मैदानावरचा तास, प्रभातफेरी आणि उन्हातली प्रार्थना बंद. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला. शहराला जमते ते शाळेला एका पानात जमेल.

प्रत्येक मुलाला आणि शिक्षकाला हे माहीत हवे

उन्हात चक्कर, डोकेदुखी, मळमळ, भरपूर घाम, पायात गोळे : मुलाला सावलीत आणा, कपडे सैल करा, ओआरएस किंवा मीठ-साखरेचे पाणी घोटघोट द्या (एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ; चमचा चहाचा).

अंग खूप तापले आहे आणि मूल असंबद्ध बोलते, झोपाळल्यासारखे करते, झटके येतात किंवा शुद्ध हरपते : हा उष्माघात समजा. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत वाट पाहू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत थंड पाण्याच्या पट्ट्या किंवा बर्फाच्या पिशव्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका.

पालकांनी काय करावे?

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. तुम्ही त्या समितीत असाल तर हे विषय तिच्या सभेत मांडता येतील. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. सभेत फी, बस आणि गणवेशावर आपण तासभर बोलतो. पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारा : दुपारी बारा वाजता माझ्या मुलाच्या वर्गात तापमान किती असते? मुलींचे स्वच्छतागृह दिवसातून किती वेळा धुतले जाते? एखाद्या मुलाला उष्माघात झाला तर पहिल्या दहा मिनिटांत कोण काय करणार, हे ठरले आहे का?

आणि हेच प्रश्न तुमच्या मुलीने शाळेत विचारले म्हणून तक्रार घरी आली, तर तिला रागावू नका. तिच्यासोबत शाळेत जा.